चिपचा बाजार आणि गिऱ्हाइकाचा फायदा

दुकानाच्या हिशेबासाठी संगणक घ्यायला गेले की विक्रेता विचारतो, इंटेलचा देऊ की एएमडीचा? परभणी, सेलू, जिंतूरच्या व्यापारी बांधवांपुढे हा प्रश्न नेहमी येतो. आम्ही कापडवाले, तेव्हा कापडाच्याच भाषेत सांगतो.

प्रोसेसर म्हणजे संगणकातली हिशेब करणारी चिप. आयबीएमने आपल्या संगणकासाठी इंटेलची चिप निवडली, पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे तिला मान्य नव्हते. म्हणून १९८२ च्या करारानंतर इंटेलच्या नमुन्याची चिप एएमडीही बनवू लागली. मोठ्या गिऱ्हाइकाने आग्रह धरला, म्हणून दुसरे दुकान उघडले.

पुढे एएमडी मागे पडली, तेव्हा इंटेलच्या साध्या डेस्कटॉप चिपमध्ये बरीच वर्षे चारच कोर राहिले. कोर म्हणजे चिपमधला एकेक मुनीम. २०१७ मध्ये एएमडीने आठ कोरचा रायझन आणला आणि त्याच वर्षी इंटेल सहावर गेली.

कारखान्याचीही गोष्ट आहे. सूत व्यापाऱ्याचे आणि विणकाम मजुरीवर, हे भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर आपण पाहतो. १९८७ साली स्थापन झालेली तैवानची टीएसएमसी दुसऱ्यांच्या नमुन्यावर अशाच चिपा बनवून देते. एएमडीने २००९ मध्ये आपले कारखाने वेगळे काढले आणि २०१९ मध्ये टीएसएमसीकडून ७ नॅनोमीटरच्या चिपा बनवून घेतल्या. इंटेलचे १० नॅनोमीटरचे काम स्वतःच्या कारखान्यात कित्येक वर्षे रखडले होते. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते. इथे उलटे, आकडा लहान तितके काम बारीक. मात्र हा आकडा आता मापापेक्षा व्यापारी नावच अधिक आहे. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निवड करू नये.

पुण्याच्या सी-डॅकने हा धडा गिरवला आहे. १९९१ चा परम ८००० ब्रिटनच्या इनमॉसच्या चिपांवर चालला. पुढे त्या चिपा बाजारातून गेल्या, पण परम थांबला नाही. परम १०००० मध्ये सनचे, परम पद्ममध्ये आयबीएमचे, परम युवामध्ये इंटेलचे आणि २०२० च्या परम सिद्धीमध्ये एएमडीचे प्रोसेसर आले.

म्हणून आमची सूचना एवढीच: मेमरी, डिस्क आणि वॉरंटी सारखी धरून दोन्हींचा भाव काढा, आणि दुरुस्ती जवळ कुठे होते ते विचारा. गिऱ्हाईक दोन दुकाने हिंडते, तोवरच माल सुधारतो आणि भाव आवाक्यात राहतो.