ड्रोनला थांबायला शिकवलं: 85 फोटोंमधून एक 360 अंशी फोटो कसा तयार होतो?

गेल्या दिवाळीत साताऱ्याकडच्या आमच्या गावातला जुना वाडा पाडायचं ठरलं. सोमवारी जेसीबी येणार होता. चुलत भाऊ म्हणाला, "दादा, तुझा ड्रोन आण की. वाडा, गल्ली, डोंगर सगळं एकाच फोटोत येईल असं काहीतरी काढ."

शनिवारी सकाळी मी ड्रोन वर नेला आणि त्यातला तयार पॅनोरमा मोड लावला. नंतर लॅपटॉपवर बघितलं तर आकाश पांढरंफटक आणि वाड्याचा चौक काळाकुट्ट. तुळशीवृंदावन कुठे आहे तेही कळेना. हातात फक्त रविवार उरला होता. ड्रोनच्या एसडीकेवर, म्हणजे कंपनी प्रोग्रामरना देते त्या कोडच्या संचावर, मी आधी थोडं काम केलेलं होतं. म्हणून ठरवलं, फोटो काढणारा प्रोग्राम आपणच लिहायचा.

चौक काळा का आला?

हिवाळ्यात सकाळचं ऊन तिरपं असतं. छपरावर झगझगीत ऊन आणि चौकात सावली, या दोन्हींतला फरक आपला डोळा सांभाळतो. पण कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये एकच एक्स्पोजर घेता येतं. चौक नीट दिसेल एवढा प्रकाश आत घेतला तर आकाश जळतं, आकाश सांभाळलं तर चौक बुडतो.

यावर उपाय म्हणजे ब्रॅकेटिंग. एकाच दृश्याचे अनेक फोटो काढायचे, काही मुद्दाम काळपट, काही मुद्दाम उजळ, आणि नंतर प्रत्येकातला चांगला भाग घेऊन एक फोटो करायचा. तुमच्या फोनचा एचडीआर मोड गुपचूप असंच काहीतरी करत असतो.

प्रकाशातला हा फरक ईव्ही या एककात मोजतात. 1 ईव्ही म्हणजे दुप्पट प्रकाश. डीजेआयच्या बऱ्याच ड्रोनमध्ये 0.7 ईव्हीच्या पायरीने 3 किंवा 5 फोटो सलग काढायची सोय असते. 5 फोटो घेतले तर सगळ्यात काळ्या आणि सगळ्यात उजळ फोटोत 2.8 ईव्हीचं अंतर पडतं, म्हणजे जवळपास 7 पट प्रकाश. माझ्या चौकासाठी तेवढं पुरेसं होतं.

किती फोटो लागतील?

हे गणित कॅमेरा किती रुंद बघतो यावर ठरतं. माझा कॅमेरा आडवा साधारण 71 अंश आणि उभा 57 अंश बघतो. शेजारचे दोन फोटो जोडायला सॉफ्टवेअरला दोन्हीत दिसणाऱ्या सारख्या खुणा लागतात, म्हणून निदान 30 टक्के भाग तरी एकमेकांवर यायला हवा.

- पहिली रांग: कॅमेरा समोर क्षितिजाकडे, दर 45 अंशांनी एक, असे 8 थांबे
- दुसरी रांग: कॅमेरा 40 अंश खाली झुकवून पुन्हा 8 थांबे
- शेवटी कॅमेरा सरळ खाली, 1 थांबा

एकूण 17 थांबे, प्रत्येकी 5 फोटो, म्हणजे 85 फोटो. हाताने हे करायला गेलं तर कुठेतरी दिशा चुकणारच. इथे प्रोग्रामचा उपयोग होतो.

प्रोग्राम नेमकं काय करतो?

ॲप फोनवर चालतं, फोन रिमोटला जोडलेला असतो आणि रिमोट ड्रोनशी बोलतो. क्रम असा:

1. सुरुवातीलाच एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर लावून कुलूपबंद करायचं. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा सूर्याकडे वळल्यावर एक हिशोब करतो, पाठ फिरवल्यावर दुसरा. मग जोडलेल्या आकाशात पट्टे दिसतात. ब्रॅकेटिंगमध्ये फक्त शटरचा वेग बदलला पाहिजे.
2. ड्रोनला ठरलेल्या दिशेला वळवायचं. ही आज्ञा एकदा देऊन भागत नाही, सेकंदाला 5 ते 25 वेळा पाठवत राहावी लागते.
3. गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणारा हात, ठरलेल्या कोनात न्यायचा.
4. थांबायचं. दिशेतला फरक 2 अंशांच्या आत आल्यावर आणखी 2 सेकंद, हलणं बंद होईपर्यंत.
5. पाचही फोटो काढायचे आणि "साठवणं चालू आहे" हा कॅमेऱ्याचा संदेश बंद होईपर्यंत पुन्हा थांबायचं. घाई केली तर पुढची आज्ञा वाया जाते.

बघा, पाचपैकी दोन पायऱ्यांत मुख्य काम थांबायचंच आहे. आणि माझी चूकही तिथेच झाली.

दक्षिणेला अडकलेला ड्रोन

रविवारी सकाळी ड्रोन 40 मीटरवर नेला आणि ॲप सुरू केलं. उत्तर, ईशान्य, पूर्व, आग्नेय, सगळं छान. दक्षिणेला वळला आणि तिथेच थांबला. मिनिट झालं तरी हलेना. काका खालून ओरडले, "काय रं, तुझं यंत्र वरच झोपलं काय?"

ॲपवरचं 'थांबा' बटण दाबून ड्रोन खाली घेतला आणि नोंदी तपासल्या. ड्रोन दिशा 0 ते 360 अशी सांगत नाही, उणे 180 ते 180 अशी सांगतो. दक्षिण म्हणजे 180, पण किंचित पुढे सरकलं की तोच आकडा उणे 179 होतो. माझ्या कोडने सरळ वजाबाकी केली: 180 वजा उणे 179, उत्तर 359. प्रत्यक्षात फरक 1 अंशाचा, पण प्रोग्रामला वाटत होतं अजून जवळजवळ पूर्ण गोल फिरायचंय.

दुरुस्ती एका ओळीची होती:

फरक = ((लक्ष्य − आत्ताची दिशा + 540) % 360) − 180

इथे % म्हणजे भागाकाराची बाकी. 359 मध्ये 540 मिळवले की 899, त्याला 360 ने भागून बाकी 179, त्यातून 180 गेले की उणे 1. उणे चिन्ह सोडलं की फरक 1 अंश. दक्षिणेनंतरचा थांबाही 225 न पाठवता उणे 135 पाठवायचा होता.

दुसरी बॅटरी लावली. आता प्रत्येक थांब्याला साधारण 10 सेकंद लागले आणि तीन मिनिटांच्या आत 85 फोटो कार्डावर आले.

जोडणी

यासाठी ह्युजिन हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. आधी प्रत्येक थांब्याचे 5 फोटो एकमेकांवर नीट बसवले, मग एनफ्यूजने त्यांचा एक केला. उरलेले 17 फोटो ह्युजिनमध्ये जोडले. अंतिम फोटोची रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट असते, कारण आडवे 360 अंश आणि उभे 180.

दोन गोष्टी मात्र प्रोग्रामच्या हातात नव्हत्या. वाऱ्याने हललेला पिंपळ थोडा भुतासारखा दुहेरी आला. आणि माझ्या रांगा क्षितिजाच्या वर 28 अंशांपर्यंतच पोहोचतात, त्यामुळे डोक्यावरचं उरलेलं आकाश मी रंगाने भरलंय. ते फोटोतलं आकाश नाही, हे भावालाही सांगून ठेवलं.

तुम्हाला करायचं असेल तर

- एसडीके प्रत्येक मॉडेलवर चालत नाही. ड्रोन घेण्याआधी यादी तपासा.
- उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा ग्रीन झोनमध्ये आहे का बघा. तिथे साधारणपणे 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.
- कोड आधी सिम्युलेटरवर चालवा आणि दक्षिण दिशा मुद्दाम तपासा!
- ड्रोन नसेल तर फोन ट्रायपॉडवर लावा, प्रो मोडमध्ये आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स पक्के करा, फक्त शटर बदलून 3 फोटो काढा आणि एनफ्यूजने जोडा. कल्पना तीच आहे.

सोमवारी जेसीबी ठरल्या वेळेला आला. त्या रात्री आजीच्या हातात फोन दिला आणि बोटाने फोटो फिरवायचा कसा ते दाखवलं. तिने चौक शोधला, दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाली, "वृंदावन दिसतंय की रे."

शनिवारच्या फोटोत ते नव्हतं.