तवशाची वेल वाढते कशी?

पेडणे-डिचोलीच्या भरड जमिनीत पहिल्या सरींबरोबर काकडीचे बी रुजते, आणि चवथीच्या माटोळीला तवसे तयार हवे असते. एवढ्या अल्पावधीत वेल वाढते कशी? पाऊस पाणी पुरवितो हे खरे; पण प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची कणखर भित्तिका असते. ती सैल झाल्याखेरीज, आतून पाण्याचा दाब असूनही, पेशी मोठी होत नाही.

भित्तिका सैल करणारी प्रथिने १९९२ साली अमेरिकेत डॅनियल कॉसग्रोव्ह व त्यांचे सहकारी यांना सापडली, तीही काकडीच्याच रोपांत! उष्णतेने निष्क्रिय केलेल्या भित्तिका ताणल्या तरी लांबत नव्हत्या. ताज्या भित्तिकांतील प्रथिने मिळताच त्या आम्ल द्रवात पुन्हा लांबू लागल्या. ही प्रथिने म्हणजे ‘एक्स्पान्सिन’. ती तंतू तोडीत नाहीत. त्यांची परस्परांवरील पकड तेवढी ढिली करतात. ऑक्सिन या संप्रेरकामुळे भित्तिका आम्लधर्मी झाली, की त्यांचे कार्य सुरू होते.

पुढे ‘एक्स्टेन्सिन’ या दुसऱ्या प्रथिनाचे धागे भित्तिकेत एकमेकांस जखडले जातात व तिला बळकटी येते. नाव विस्ताराचे, काम आवरण्याचे!

जांभ्यावरील उथळ मातीत ओल फार काळ टिकत नाही. श्रावणात पावसाने ताण दिला, तर पेशीतील दाब उतरतो. मग प्रथिने सिद्ध असूनही वेल खुंटते आणि माटोळीचे तवसे हुकते.