परत न येणाऱ्या नायिका

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यातून सुमारे ८ लाख स्त्रिया लढल्या किंवा लढणाऱ्यांच्या बरोबरीने राबल्या. परिचारिका आणि डॉक्टर त्यांत होत्याच. शिवाय नेमबाज, बिनतारी संदेशवाहक, विमानभेदी तोफांवरच्या तुकड्या, रणगाड्यांचे चालकही होत्या. ऑक्टोबर १९४१ मध्ये मारिना रास्कोवा या नामवंत वैमानिक महिलेच्या पुढाकाराने स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या राहिल्या. त्यांपैकी रात्री बाँब टाकणाऱ्या रेजिमेंटकडे लाकूड आणि कापडाची पो-२ ही संथ विमाने होती. जर्मन सैनिक या वैमानिक मुलींना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत.

एवढी मोठी सामग्री हाताशी असूनही शस्त्र घेतलेली स्त्री सोव्हिएत कथा-कादंबरीच्या मध्यभागी यायला वेळ लागला. व्हेरा पानोवा यांच्या १९४६ सालच्या ‘स्पुत्निकी’ या कादंबरीत जखमींना नेणारी इस्पितळ-गाडी आहे. तिथल्या स्त्रिया शुश्रूषा करतात, आणि ते काम त्यांचेच मानले जात असे. फ्योदर अब्रामोव यांनी १९५८ मध्ये ‘भाऊ आणि बहिणी’मधून उत्तर रशियातले, पुरुष आघाडीवर गेल्यामुळे बायकांच्या खांद्यांवर आलेले खेडे उभे केले. बंदूकधारी मुलगी लोकांच्या मनात कायमची बसली ती बोरीस वासिल्येव यांच्या ‘इथल्या पहाटा शांत आहेत’ या लघुकादंबरीने. ‘युनोस्त’ मासिकात ती १९६९ साली आली. लेखक स्वतः सतराव्या वर्षी आघाडीवर गेलेला होता.

मे १९४२. कारेलियाच्या जंगलातल्या एका रेल्वे साइडिंगवर फेदोत वास्कोव नावाचा सार्जंट मेजर पहाऱ्याचा प्रमुख आहे. आधीचे जवान दारू आणि गावातल्या बायका यांतच रमतात म्हणून त्याने वरिष्ठांकडे न पिणारी माणसे मागितली. वरून आल्या विमानभेदी तोफेवरच्या मुली. त्यांची दोरीवर वाळणारी अंतर्वस्त्रे शत्रूच्या विमानाला दिसतील, अशी तक्रार तो करतो, तर मुली त्याच्यापुढे नियम ठेवतात : स्त्री-सैनिकांना सर्व आघाड्यांवर कपडे वाळवायची परवानगी आहे! पुस्तकाचा हा पहिला भाग चक्क विनोदी आहे, आणि पुढचे सगळे त्यामुळेच अंगावर येते.

रीता ओस्यानिना रात्री गुपचूप आपल्या लहान मुलाला खाऊ देऊन परतते, तेव्हा तिला जंगलात दोन जर्मन दिसतात. वास्कोव पाच मुलींना घेऊन त्यांच्या मागावर निघतो आणि दोनाच्या जागी सोळा निघतात. मदत आणायला धावलेली लिझा दलदलीत बुडते. वास्कोवची विसरलेली तंबाखूची पिशवी आणायला गेलेली सोन्या सुरीला बळी पडते. गाल्या भीतीने लपल्या जागेतून पळते आणि गोळी खाते. झेन्या शत्रूला आपल्या मागे ओढून नेते. जखमी रीता मुलाची जबाबदारी वास्कोववर सोपवून स्वतःला गोळी घालून घेते. जिवंत राहतो तो वास्कोव; रीताचा मुलगा त्याच्याकडेच वाढतो.

वासिल्येव यांना बीज मिळाले ते एका वृत्तपत्रातल्या हकिकतीतून. त्या खऱ्या घटनेत साइडिंगवर सात जवान होते आणि त्यांतला सार्जंट तेवढा वाचला होता. लेखकाने जवानांच्या जागी मुली आणल्या, मात्र वाचणारा पुरुषच ठेवला. पाचही मुलींचे मरण कथानकात अटळ वाटते. त्याचबरोबर ते लेखकाला एका अवघड प्रश्नातून सोडवतेही. मेलेली नायिका घरी परतत नाही, तिचे लग्न, शेजारी, कुजबुज यांविषयी लिहावे लागत नाही. स्तानिस्लाव रोस्तोत्स्की यांच्या १९७२ च्या चित्रपटाने ही कथा घरोघरी नेली. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. तमिळमधला ‘पेरानमै’ (२००९) याच कथेवर बेतला आहे.

खऱ्या मुली मात्र लाखोंनी परतल्या होत्या. जुलै १९४५ मध्ये सोव्हिएत राष्ट्रप्रमुख मिखाईल कालिनिन यांनी सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या मुलींना आपल्या कामगिरीविषयी स्वतः न बोलण्याचा सल्ला दिला होता. बोलण्याजोगे बरेच होते. आघाडीवर अधिकाऱ्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीला ‘मोहिमेवरची बायको’ असा हिणकस शब्द रूढ होता आणि त्याचा शिंतोडा सरसकट सगळ्यांवर उडाला. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी शेकडो स्त्रियांच्या मुलाखतींतून ‘युद्धाला स्त्रीचा चेहरा नसतो’ हे पुस्तक बांधले. ते १९८५ मध्ये छापले गेले तेव्हा सेन्सॉरने काही भाग गाळला होता, तो पुढच्या आवृत्त्यांत आला. कापलेल्या वेण्या, पायांना मोठे होणारे बूट, पुरुषांचे अंतर्वस्त्र, पाळीच्या दिवसांतली फरफट अशा गोष्टी कादंबऱ्यांनी क्वचितच टिपल्या होत्या. एक स्त्री सांगते, घरी आल्यावर चौथ्या दिवशी आईने बोचके बांधून दिले. चार वर्षे पुरुषांत काढलेली मुलगी घरात असेल तर धाकट्या बहिणींना स्थळे येणार नाहीत, ही आईची भीती. महाराष्ट्रातल्या वाचकाला ती फार परकी वाटू नये.

परतलेली स्त्री कलाकृतीत अजिबातच आली नव्हती असे नाही. लारिसा शेपित्को यांच्या ‘पंख’ या १९६६ च्या चित्रपटातली नादेझ्दा पेत्रुखिना युद्धातली लढाऊ वैमानिक आहे. आता शाळेची मुख्याध्यापिका, मुलीशी दुरावा, विद्यार्थ्यांशी खटके. तिच्या शिस्तीचे आता कोणाला काही कारण उरलेले नाही. दिग्दर्शक स्त्री आणि पटकथेतही नताल्या रियाझांत्सेवा ही स्त्री होती, हा योगायोग मानणे कठीण आहे.

कांतेमीर बालागोव यांचा २०१९ चा ‘बीनपोल’ हा चित्रपट अलेक्सिएविचच्या पुस्तकातून सुचला. लेनिनग्राड, १९४५ चा शरद ऋतू. इया आणि माशा दोघीही विमानभेदी तोफेवर होत्या. इयाला मेंदूच्या इजेमुळे मधेच थिजायला होते, माशाला मूल होणे शक्य नाही. माशाचा मित्र तिला आपल्या वरच्या वर्तुळातल्या घरी नेतो. त्याच्या आईने आघाडीवरच्या दिवसांविषयी विचारल्यावर माशा लपवत नाही : पुरुषांच्या आश्रयावर दिवस काढले असे सरळ सांगते. त्या आईची या उत्तराला तयारी नसते.