मधला मजला: नगर जिल्ह्यातील तालुके, बोर्ड आणि गावे

अहिल्यानगर जिल्ह्यात आज १४ तालुके आहेत. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नगरचा खंड छापून आला, तेव्हा ते ११ होते: अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासे, शेवगाव, नगर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि जामखेड. पुढच्या सव्वाशे वर्षांत पाथर्डी, श्रीरामपूर आणि राहाता यांची भर पडली. जिल्हा मात्र १८६९ पासून बराचसा तोच राहिला आणि बहुतेक गावांच्या शिवा तर त्याहून कितीतरी जुन्या आहेत. वर जिल्हा टिकला, खाली गाव टिकले. या दोहोंमधला मजला तेवढा पुन्हा पुन्हा पाडून बांधला गेला.

इंग्रजांपूर्वीही मधल्या पातळीवर अशीच सरमिसळ होती. मोगल अमलात संगमनेर हे एका सरकाराचे मुख्य ठिकाण होते. सरकाराखाली परगणे, परगण्याखाली तरफा आणि त्यांच्याखाली मौजे व कसबे, अशी उतरंड असे. परगण्याचे वतनदार देशमुख आणि देशपांडे, तर गावचे पाटील आणि कुलकर्णी. निजामशाहीत मलिक अंबरने जमीनमहसुलाची घडी बसवली. निजामशाही १६३६ मध्ये संपली, पुढे मोगल आले, १७५९ मध्ये नगरचा किल्ला पेशव्यांकडे गेला आणि १७९७ मध्ये तो दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात आला. राज्यकर्ते असे बदलत राहिले, पण महसूल गोळा करणारा पाटील आणि तो मांडून ठेवणारा कुलकर्णी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. जास्त बोली लावणाऱ्याला महाल मिळे आणि बोलीचा पैसा तो रयतेकडून वसूल करी. परगण्याची पातळी तेव्हाच खिळखिळी झाली होती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या कमिशनरकडे आला. त्याने जिंकलेल्या मुलखाचे पुणे, अहमदनगर, खानदेश आणि कर्नाटक असे भाग पाडून प्रत्येकावर एक अधिकारी नेमला. साताऱ्याची व्यवस्था वेगळी ठेवली. नगरचा पहिला कलेक्टर कॅप्टन हेन्री पॉटिंजर. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात दख्खनच्या गावांना लहानशा स्वयंपूर्ण राज्यांची उपमा दिली आणि गावगाड्याला हात न लावण्याचे धोरण ठेवले. मक्तेदार गेला आणि पगारी मामलेदार आला. पाटील-कुलकर्णी होते तिथेच राहिले. देशमुख-देशपांड्यांची वतने चालू राहिली, पण कामे काढून घेतली गेली. परगण्यावरचा वंशपरंपरागत माणूस हटवून तिथे बदलीचा नोकर बसवणे, हा त्या काळातला सर्वांत मोठा फेरबदल म्हणावा लागेल. लढाईच्या इतिहासात त्याला फारशी जागा मिळत नाही, एवढेच.

पॉटिंजरचा नगर जिल्हा आजच्यापेक्षा खूप मोठा होता. नाशिक, सिन्नर, निफाड, चांदवड, येवला, दिंडोरी हा सारा मुलूख त्यात मोडत असे. नगरहून त्या टोकापर्यंतचा कारभार ओढणे अवघड होते. अखेर १८६९ मध्ये नगरचा उत्तर भाग आणि खानदेशातले काही तालुके एकत्र करून नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज ज्याला नगरची उत्तर हद्द म्हणतात ती मुख्यतः तेव्हाची.

दक्षिण आणि पूर्वेची हद्द याहून गुंतागुंतीची होती. जामखेड तालुक्याची गावे निजामाच्या मुलखात विखुरलेली होती. १७९५ मध्ये ज्या खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते याच तालुक्यात, आणि अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडीही याच तालुक्यात. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर, १९५० मध्ये, एकमेकांच्या पोटात अडकलेल्या गावांची मुंबई आणि हैदराबाद राज्यांत अदलाबदल झाली आणि नकाशा सलग झाला.

गावाची शीव कागदावर पक्की केली ती मोजणीने. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात बसवलेली रयतवारी मोजणीची पद्धत १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून नगर जिल्ह्यात पसरली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, कोपऱ्यांवर हद्दीचे दगड रोवले गेले, जमिनीची प्रत ठरली आणि ३० वर्षांसाठी आकार बांधला गेला. त्याआधी शीव कुठवर, हे गावातली म्हातारी माणसे ओढा, टेकाड, एखादे झाड दाखवून सांगत. वाद पेटला तर शपथा घेऊन निवाडा व्हायचा. आता गावाचा नकाशा मामलेदार कचेरीत आला. आजही सातबाऱ्याच्या माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा हीच तीन नावे असतात. जिथे जमिनींचे एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले, तिथेही बहुधा गट बदलले, गावाची शीव नाही.

या काटेकोर मोजणीची दुसरी बाजूही नगरने पाहिली. महसूल रोखीत आणि ठरलेल्या हप्त्याने भरायचा, पीक बुडो वा न बुडो. मग सावकार आला आणि त्याच्यामागून कोर्टाची जप्ती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला पेटलेला सावकारांविरुद्धचा दंगा पाहता पाहता पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख कर्जखतांवर होता. जिथे कागद हातात पडले तिथे ते जाळले गेले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला.

महसूल घेणे आणि गावासाठी खर्च करणे या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरीची सुरुवात १८६९ च्या लोकल फंड कायद्याने झाली. जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा, त्यातला तिसरा हिस्सा शाळांना आणि बाकीचा रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांना द्यायचा, अशी योजना होती. कमिट्यांवर सरकारी माणसांचेच वजन असे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये मुंबईचा लोकल बोर्ड कायदा आला आणि जिल्ह्याला डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड, तर प्रत्येक तालुक्याला तालुका लोकल बोर्ड मिळाले. जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर, तालुका बोर्डाचा अध्यक्ष प्रांत अधिकारी. सभासदांतले काही निवडलेले, काही नेमलेले. मतदार मोजके: इनामदार आणि ठरावीक सारा भरणारे. कुळे, शेतमजूर, बलुतेदार यांचा त्यात पत्ताच नव्हता. १९२३ च्या कायद्याने सरकारी अध्यक्ष गेले आणि मताचा हक्क थोडा रुंदावला.

लोकल बोर्डे आली त्याच सुमारास इंग्लंडमध्येही असाच प्रयोग चालू होता. तिथे गावपातळीवर पॅरिश असे. ती मूळची चर्चची हद्द, पण गरिबांना मदत, रस्ते अशी कामे शतकानुशतके तिच्याकडे होती. १८९४ च्या कायद्याने पॅरिशला निवडून दिलेली कौन्सिल मिळाली. वस्ती ३०० च्या वर असली की कौन्सिल बंधनकारक, त्याखाली गावकऱ्यांच्या सभेवर भागे. अनेक पॅरिश मिळून ग्रामीण डिस्ट्रिक्ट होई आणि त्याच्यावर काउंटी. म्हणजे गाव, तालुका आणि जिल्हा यांच्यासारखीच तीन पायऱ्यांची मांडणी. एक फरक मोठा होता. इंग्लंडच्या ग्रामीण डिस्ट्रिक्टला स्वतःची कर लावण्याची ताकद होती. नगरच्या तालुका बोर्डाला मुख्यतः जिल्हा बोर्डाकडून येणाऱ्या हिश्श्यावर भागवावे लागे. रस्ता दुरुस्त करायचा, तर पैसा वरून येणार आणि हिशेबही वर जाणार. अशा बोर्डाला लोकांनी आपले का मानावे?

बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ मध्ये, मुंबई प्रांतातली तालुका लोकल बोर्डे रद्द झाली. त्यांच्यासाठी फारसे कोणी रडले नाही. इंग्लंडचे ग्रामीण डिस्ट्रिक्ट १ एप्रिल १९७४ पर्यंत टिकले आणि मग तेही मोडीत निघाले. पॅरिश कौन्सिल मात्र तिथे अजून आहेत.

ग्रामपंचायतीचा प्रवास तालुका बोर्डापेक्षा सावकाश झाला. १९२० आणि १९३३ च्या कायद्यांनी पंचायती आल्या, पण त्या थोड्याच गावांत चालल्या. गावात पाटलाचा शब्द चाले तोवर निवडून आलेल्या पंचाला वजन येणे कठीणच होते. स्वातंत्र्यानंतर त्या जुन्या चौकटीचे एकेक खांब काढले गेले. १ मे १९५१ पासून कुलकर्णी वतने संपली आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले. महार वतनासह कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्या वतनापोटी गावकीची राबणूक करणाऱ्या समाजाच्या दृष्टीने हा बदल तालुक्यांच्या कोणत्याही फेररचनेपेक्षा मोठा होता. १९६३ च्या आरंभी मुलकी पाटीलकीही गेली आणि उरला तो पोलीस पाटील, तोही नेमणुकीचा. १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५९ मध्ये लागू झाला. आजच्या ग्रामपंचायतीचा कायदा तोच, पुष्कळ दुरुस्त्या झालेला.

मधला मजला पुन्हा उभा राहिला तो वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १ मे १९६२ पासून अमलात आला. जिल्हा लोकल बोर्डाच्या जागी जिल्हा परिषद आली आणि प्रत्येक तालुक्याला पंचायत समिती मिळाली. १९३८ मध्ये बंद झालेले दुकान २४ वर्षांनी नव्या पाटीने उघडले, पण या वेळी गटविकास अधिकारी, शाळा, दवाखाने आणि योजनांचा पैसा घेऊन. तरी मूळ दुखणे गेले नाही. पंचायत समितीचे स्वतःचे उत्पन्न किरकोळ, योजना वरून येणार, खर्च गावात होणार. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नियमित निवडणुका, राखीव जागा, महिलांचा वाटा पक्का झाला. पुढे १४ व्या वित्त आयोगात सगळा निधी थेट ग्रामपंचायतीला मिळू लागला आणि मधल्या मजल्याचे भाडे आणखी घटले.

गावाकडे कारभार गेला की काय होऊ शकते, याची दोन ठळक उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातले हिवरे बाजार. दोन्ही गावे पाणलोटाच्या कामासाठी देशभर माहीत झाली, पण त्या कामामागे ग्रामसभा होती. पाण्याचा हिशेब, चराईबंदी, झाडतोडीवर बंदी हे निर्णय गावच्या सभेत झाले. पंचायत समितीने ते घेतले असते तर इतके पाळले गेले असते का, याची शंका घ्यायला जागा आहे.

तालुक्यांची पुनर्रचना मात्र पाणी, रेल्वे आणि राजकारण यांच्या वाटेने झाली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि बेलापूर गावापासून दूर बेलापूर रोड हे स्टेशन आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी आसपासची जमीन उसाखाली आली. स्टेशनभोवती वाढलेली ही वस्तीच आजचे श्रीरामपूर. जुन्या राहुरी तालुक्यातले बेलापूर मग श्रीरामपूर तालुक्यात आले. पाथर्डी आधी शेवगावचा पेटा होता. १९९९ मध्ये राहाता तालुका झाला आणि कोपरगावातली शिर्डी, श्रीरामपुरातले लोणी त्यात गेले.

१७,०४८ चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा महाराष्ट्रात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा. अकोल्याच्या सह्याद्रीत आदिवासी पाडे आणि जामखेडच्या माळावर ज्वारी, यांत अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास. म्हणून विभाजनाची मागणी जुनी आहे आणि ती मुख्यालयावर अडते. संगमनेर, श्रीरामपूर, शिर्डी यांपैकी कोण, यावर उत्तरेतल्या नेत्यांचे एकमत होत नाही. दरम्यान २०२३ मध्ये शिर्डीला अपर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण हद्द जशीच्या तशी राहिली.

जुने कागद शोधणाऱ्यांनी मात्र तालुक्यांची ही हालचाल ध्यानात ठेवावी. शिर्डीचा जुना फेरफार कोपरगावात, बेलापूरचा राहुरीत आणि पाथर्डीचा शेवगावात मागावा. १८६९ पूर्वीच्या येवल्या-सिन्नरच्या कागदांसाठी नाशिकऐवजी नगर कलेक्टोरेटचे दप्तर पाहावे. पेशवाईतले कागद तालुक्याच्या नावाने न शोधता परगण्याच्या नावाने शोधावेत. ते पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत.