विश्लेषण : समुद्राने घर नेले, तर त्या कुटुंबाला काय म्हणायचे?

‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द बोईसर-तारापूरच्या मुलांना शिकवावा लागत नाही. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी, पोफरण ही गावे उठली आणि पुनर्वसनासाठी उच्च न्यायालयापर्यंत गेली. मात्र उधाणामुळे किनाऱ्यावरचे घर सोडणाऱ्याला काय म्हणायचे, याचे उत्तर कायद्याकडेही नाही. हवामान बदलामुळे होणारे विस्थापन म्हणजे काय आणि ते मुलांना कसे सांगावे, याविषयी...

किनाऱ्यावर काय घडते आहे?

सातपाटीसारख्या मच्छीमार गावांत पावसाळी उधाणाचे पाणी वस्तीत शिरते. धूपप्रतिबंधक बंधारे खचतात, सुरूची झाडे उन्मळतात. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालानुसार १९९३ ते २०१५ या काळात उत्तर हिंद महासागराची पातळी वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. हा आकडा लहान वाटतो. पण पातळी जितकी वर, तितके प्रत्येक उधाण आत येते.

सगळा दोष हवामान बदलाचा?

नाही. वाळूउपसा, तिवरांची तोड यांमुळेही धूप वाढते. एका गावाला वाचवणारा बंधारा कधी शेजारच्या गावाची वाळू पळवतो. मुलांना हेही सांगायला हवे. नाहीतर ‘निसर्ग कोपला’ एवढ्यावरच धडा संपतो.

त्यांना ‘निर्वासित’ का म्हणत नाहीत?

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट आणि राजकीय मत या कारणांनी होणारा छळ मोजला जातो. समुद्र मोजला जात नाही. शिवाय बहुतेक विस्थापित देशाची सीमा ओलांडतच नाहीत. हवामान बदलामुळे २०५० पर्यंत २१.६ कोटी लोकांना स्वतःच्याच देशात जागा बदलावी लागू शकते, असा जागतिक बँकेचा २०२१ चा अंदाज आहे. सीमेपलीकडची वाट अरुंद आहे. २०२३ मध्ये झालेल्या करारानुसार ऑस्ट्रेलिया तुवालू या बेटराष्ट्रातील वर्षाला २८० जणांना वास्तव्याची मुभा देतो.

भारतात मदत मिळते का?

चक्रीवादळात घर पडले तर मिळते. केंद्राच्या २०२२-२६ च्या मदत निकषांत चक्रीवादळ, पूर, त्सुनामी यांसह १२ आपत्ती आहेत. महाराष्ट्राने समुद्राचे उधाणही आपत्ती मानले आहे. पण वर्षानुवर्षे हळूहळू जमीन खाणारी धूप केंद्राच्या यादीत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी २०२१-२६ या काळात एक हजार कोटी रुपयांची शिफारस केली होती. ओडिशात केंद्रापाडा जिल्ह्यातील सातभाया येथील कुटुंबांना सरकारने बागपतिया येथे वसवले. म्हणजे वाट आहे, पण ती अजून मळलेली नाही.

मुलांना कसे सांगावे?

सुरुवात वर्गातल्या रिकाम्या बाकापासून करता येते. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्याबरोबर मुलेही. त्यांचे शिक्षण तुटू नये म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. हे हवामान विस्थापन नव्हे. ते रोजगाराचे स्थलांतर आहे. पण घर सोडणे म्हणजे काय, हे त्यातून कळते. मग तीन प्रश्न विचारावेत : घर का सोडले? परत जाता येईल का? नव्या जागी काय मिळाले नाही?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मच्छीमार कुटुंबाला दहा किलोमीटर आत पक्के घर मिळाले, तरी होडी कुठे लावायची आणि बोंबील कुठे वाळवायचे? पुनर्वसन म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत, हे या उदाहरणातून पाचवीच्या मुलालाही समजते.

परिसर अभ्यासाच्या तासाला आणखी एक उपक्रम घेता येईल. आजीच्या लहानपणी पुळण कुठवर होती, हे घरी विचारून यायचे आणि गावाच्या नकाशावर ती रेघ काढायची. आजची रेघ तिच्या शेजारी काढायची. मात्र ज्याच्या घरात पाणी शिरले, त्या मुलाला उभे करून ‘सांग, कसे वाटले?’ असे विचारू नये. त्याला बोलावेसे वाटले तर ऐकावे. घाबरवण्यापेक्षा बंधारा, तिवरे, पुनर्वसन यांवर ग्रामसभेत कोण निर्णय घेते, हे दाखवावे. अठरा वर्षांची झाली की त्याच सभेत ही मुले बसणार आहेत.