देवठाण्याचा सात-बारा

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळसा आणि चुनखडी या दोन खनिजांमुळे ओळखले जाते. वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या पट्ट्यात वसलेल्या या परिसराला खाणकाम नवे नाही. १९७३ साली कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि राजूरच्या भूमिगत खाणीच्या आसपास उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, घोन्सा अशा उघड्या खाणी पसरत गेल्या. भूमिगत खाण जमिनीच्या पोटातून कोळसा काढते. उघडी खाण जमीनच उचलते. तिच्यापुढे शेत, पांदण, ओढा, झाड काहीच शिल्लक राहत नाही. म्हणूनच जमिनीबरोबर आणखी काय उचलले जाते, हा प्रश्न या भागात केवळ तात्त्विक नाही.

या प्रदेशाचे जुने रहिवासी गोंड, परधान आणि कोलाम होत. कोलामांच्या वस्तीला येथे ‘पोड’ म्हणतात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणले आहे. त्यांपैकी कोलामांची मुख्य वस्ती याच जिल्ह्यात व त्याला लागून असलेल्या मुलखात आहे. पैनगंगेपलीकडील आदिलाबाद भागात १९४०च्या दशकात अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांनी एक लक्षणीय गोष्ट नोंदविली आहे. संख्येने व सत्तेने मोठे असलेले गोंडसुद्धा भूमीच्या स्थानिक देवतांना प्रसन्न करण्यासाठी कोलाम पुजाऱ्याकडे जात, कारण या मातीची ओळख कोलामाला अधिक जुनी, अशी त्यांची श्रद्धा होती.

गोंडांचा देव तर समाजरचनेचा पायाच आहे. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे या विभागण्यांवर त्यांची कुळे उभी आहेत. समान देवसंख्या असलेल्यांत सोयरीक होत नाही. प्रत्येक कुळाच्या पेनाचे, म्हणजे देवाचे, ठाणे ठरलेले असते. मृत व्यक्ती विधीनंतर त्या देवाच्या सहवासात जाते, अशी समजूत आहे. कुळाच्या उत्पत्तीची कथा परधान किंगरीवर गातो, आणि तीही स्थळांच्या नावांनी बांधलेली असते. तेव्हा ठाणे म्हणजे केवळ शेंदूर फासलेला दगड नव्हे. नातेसंबंधांची वही, पूर्वजांचे निवासस्थान आणि इतिहासाचे दप्तर या तिन्हींचे काम ते एकटे करते. मात्र त्याला कळस नसतो, भिंत नसते, विश्वस्त मंडळ नसते. पुष्कळदा ते दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर, सरकारी पडीत जमिनीत किंवा जंगलात असते. परक्या डोळ्याला तेथे एक मोहाचे झाड आणि चार दगड एवढेच दिसते.

कायद्याचा डोळा हा असाच परका आहे. कोळशासाठी जमीन घेतली जाते ती प्रामुख्याने १९५७च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याखाली. संपादनाचा इरादा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांच्या आत हरकत घेता येते. पण ती घेण्याचा अधिकार जमिनीत ‘हितसंबंध’ असलेल्या व्यक्तीलाच आहे. हितसंबंधित कोण, तर ज्याला मोबदल्यात वाटा मागता येईल तो. या व्याख्येत सात-बाराचा धनी बसतो. ज्याच्या कुळाचे ठाणे त्या धन्याच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे, तो बसत नाही. विहिरीची, झाडाची, गोठ्याची किंमत ठरविता येते. ज्याची किंमत ठरत नाही, त्याच्यासाठी मोजणीच्या कागदावर जागाच नसते.

२०१३च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती या दोन गोष्टी आणल्या. परंतु कोळसा कायद्याला त्यांतून वगळण्यात आले. २०१५च्या आदेशाने मोबदला व पुनर्वसन यांबाबतच्या तरतुदी तेवढ्या कोळशाच्या संपादनालाही लागू झाल्या. पुनर्वसनाच्या गावात पूजास्थळ असावे, असे त्या तरतुदी सांगतात. हेतू चांगला आहे. पण जो देव छताखाली राहतच नाही, त्याला सिमेंटचे देऊळ बांधून देणे हे पुनर्वसन कसे ठरते, हे कोणी पोडावर जाऊन विचारल्याशिवाय कळणार कसे?

विचारण्याची तरतूद १९९६च्या पेसा कायद्यात आहे. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत झाली पाहिजे, आणि आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा समर्थ आहे, असे तो कायदा म्हणतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र १९८५च्या आदेशाने ठरले आहे. त्यात मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी या तालुक्यांतील गावे आली. वणी तालुका आला नाही. म्हणजे राजूरच्या शिवारातील कोलाम आणि शेजारच्या मारेगावच्या हद्दीतील कोलाम यांचे देव एक, बोली एक, सोयरीक एक. कायदा मात्र दोन. लोकसंख्येच्या प्रमाणावर आखलेली ही रेषा प्रशासनाच्या सोयीची असेल. ठाण्यांना ती ठाऊक नाही.

रेषेबाहेरच्यांसाठी दोन वाटा उरतात. पहिली २००६च्या वनहक्क कायद्याची. तो अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही. वनजमिनीवर तो सर्वत्र लागू आहे. कोलामांसारख्या जमातींचा वसतिस्थानावरील सामूहिक हक्क तो मान्य करतो आणि सांस्कृतिक वारसा राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. याच कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ओडिशातील नियमगिरी डोंगराचा निर्णय डोंगरिया कोंधांच्या ग्रामसभांकडे सोपविला. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. डोंगर हाच नियमराजा, ही साक्ष त्या सभांमध्ये दिली गेली. मात्र २०२२च्या नियमांनी वनजमीन वळविताना हे हक्क पाळले गेले की नाही, हे पाहण्याचे काम केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्यावर सोपविले. निर्णय आधी व विचारणा नंतर, अशी ही उलटी रीत आहे.

दुसरी वाट पर्यावरणविषयक जनसुनावणीची. २००६च्या अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश इंग्रजीत व स्थानिक भाषेत द्यावा लागतो. ही स्थानिक भाषा म्हणजे मराठी. कोलामी आणि गोंडी या द्राविड कुळातील बोलींची तेथे दखल नाही. सुनावणी कोठे भरते हेही महत्त्वाचे. गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. त्याच पहाडावरील लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये पहाडापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. देव पहाडावर आणि त्याच्याविषयीची चर्चा गडचिरोली शहरात, अशा वेळी भक्तांनी कोठे जावे?

विचारून न विचारल्यासारखे केले तर काय होते, याचा धडा ऑस्ट्रेलियाने दिला आहे. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी जुकान घळीतील शैलगुहा सुरुंगांनी उडविल्या. ४६ हजार वर्षांपासूनच्या मानवी वावराच्या खुणा तेथे होत्या. कंपनीने कायदा मोडला नव्हता; १९७२च्या वारसा कायद्याखाली तिला २०१३ सालीच परवानगी मिळाली होती. परवानगीनंतर केलेल्या उत्खननात गुहेचे खरे मोल उघड झाले, पण एकदा दिलेली परवानगी फेरविचारासाठी उघडण्याची सोय मूळ रहिवाशांना नव्हती. पुढे कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याला पद सोडावे लागले, संसदीय चौकशी झाली. गुहा परत आली नाही. कागद पूर्ण असणे आणि न्याय झालेला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यावरून दिसते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, वीज साऱ्यांना हवी. मग मूठभरांच्या श्रद्धेसाठी कोळसा जमिनीत ठेवायचा काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. खाणीने या भागात रोजगार आणला आणि आदिवासी तरुणांनाही तो हवा आहे. पण रोजगार हवा असणे म्हणजे पूर्वजांवर पाणी सोडणे नव्हे. महामार्गाची आखणी करताना प्रसिद्ध देवस्थान वाचविण्यासाठी रस्त्याला वळण देण्याचा विचार होतो, आणि तेव्हा त्याला कोणी विकासविरोध म्हणत नाही. कळसाच्या देवाला जे सौजन्य मिळते, ते बांधावरच्या देवाला का मिळू नये?

दुसरा आक्षेप असा की, आदिवासी स्वतःच आपले देव हलवितात. पोड उठले की देवही उठतो. हे पुष्कळ अंशी खरे आहे, आणि विचारण्याची गरज नेमकी त्यातूनच सिद्ध होते. कोणते ठाणे विधिपूर्वक हलविता येते, त्यासाठी कोणत्या कुळाला बोलवावे लागते, कोणता ऋतू लागतो, आणि कोणती जागा काही केल्या सोडता येत नाही, हे कोणत्याही नकाशावर लिहिलेले नाही. ते पोडाच्या नाईकाला, कुळाच्या पुजाऱ्याला, म्हाताऱ्या बायांना ठाऊक असते. सल्लामसलत म्हणजे दर वेळी नकार, ही भीती अनाठायी आहे. योग्य वेळी विचारले तर पुष्कळ ठिकाणी वाट निघेल. उशिरा विचारले तर होकारालाही अर्थ उरत नाही.

यास्तव करण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. खाणीची सीमा आखण्यापूर्वी, म्हणजे राजपत्रात अधिसूचना निघण्याआधी, त्या शिवारातील ठाणी, दफनभूमी व यात्रेच्या वाटा यांची नोंद पोडावर आणि गावात बसून, कोलामी व गोंडी जाणणाऱ्यांच्या मदतीने व्हावी. ती नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि तिची प्रत गावापाशी राहावी. हरकत घेण्याचा अधिकार मोबदल्याच्या धन्यापुरता न ठेवता कुळालाही मिळावा. गाव अनुसूचित क्षेत्राच्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर ही विचारणा अवलंबून नसावी. त्यासाठी संसदेने कायदा बदलण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. संपादन करणारी कंपनी सरकारी आहे, जिल्हा प्रशासन सरकारी आहे. त्यांनी मनावर घेतले तर हा शिरस्ता उद्यापासून पाडता येईल. मूळ रहिवाशांची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती मानणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले आहे. ते मत न्यूयॉर्कमध्ये दिले गेले. त्याची कसोटी मात्र वणी तालुक्यात लागते.

उघड्या खाणीतील कोळसा काही दशकांत संपतो. त्यानंतर खड्डा भरता येतो, मातीच्या ढिगाऱ्यांवर झाडेही लावता येतात. जे ठाणे न विचारता उचलले गेले, तेथे मात्र कोणतीही कंपनी पुन्हा पूर्वज आणून बसवू शकत नाही. विचारण्याची वेळ यंत्र येण्याच्या आधीची असते. नंतर उरते ती केवळ नुकसानभरपाईची रक्कम, आणि ती घेण्यासाठी ठाण्याच्या नावाने सही करणारा कोणी नसतो.