काशी-कन्याकुमारी राजमार्ग आणि आपली पांधण



गळीत हंगाम सुरू झाला की ऊस विकास विभागाकडे सर्वांत जास्त विचारणा होते ती तोडीची, आणि तिच्या खालोखाल तक्रार येते ती रस्त्याची. हमरस्ता वावरातून दिसतो, त्यावरच्या ट्रकचे भोंगे ऐकू येतात, पण भरलेली ट्रॉली काही वावरातून निघत नाही. म्हणून या अंकात आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या मोठ्या राजमार्गाची माहिती देण्याचे योजिले आहे. हा रस्ता कोठून येतो, कोठे जातो आणि कोणत्या मालासाठी झाला, हे कळले म्हणजे आपले घोडे नेमके कोठे अडते तेही कळेल.

रस्ता कोठून कोठे जातो

जुन्या लोकांच्या तोंडी आजही या रस्त्याचे नाव 'सात नंबर' असेच आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीहून निघून रेवा, जबलपूर, शिवनीवरून नागपूरला येई व पुढे हैदराबाद, कर्नूल, बंगलोर, सेलम, मदुराई असा थेट कन्याकुमारीला जाई. लांबी २,३६९ किलोमीटर. त्या काळी देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग हाच होता.

२०१० साली सरकारने सर्व राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे व पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, अशी पद्धत ठरली. त्यात आपला रस्ता ४४ क्रमांकाचा झाला. हा ४४ नंबर काश्मीरमधून दिल्ली, आग्रा, झाशी, सागर, नागपूर असा येऊन कन्याकुमारीस पोचतो. म्हणजे पूर्वी हा रस्ता आपल्याला काशीशी जोडत होता, आता काश्मीरशी जोडतो.

आपल्या जिल्ह्यातला भाग असा. नागपूर सोडले की बुटीबोरी आणि मग समुद्रपूर तालुक्यातील जाम. जाम चौरस्त्यावर वरोऱ्यावरून चंद्रपूरला जाणारा रस्ता फुटतो, आणि वर्धा-सेवाग्रामकडून येणारा रस्ता मिळतो. पुढे हिंगणघाट, तेथील वणा नदी, नंतर वडनेर व पोहणा. पोहण्याजवळ वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तेथून वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करीत पैनगंगा ओलांडून रस्ता आदिलाबादकडे तेलंगणात शिरतो. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला कारंजा व तळेगाववरून जाणारा नागपूर-अमरावती रस्ता हा जुना ६ नंबर. तो आता ५३ क्रमांकाचा आहे.

कापसाची वाट

आगगाडी येण्यापूर्वी नागपूर व वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ५०० मैलांवर गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई, आणि तेथून नावेने कलकत्त्यास. ही वाहतूक मुख्यतः बंजारा तांड्यांकडे होती. वाट काळ्या मातीची. पाऊस आला की बैल रुतायचे, कापूस भिजायचा, आणि तांडा आहे तेथेच अडकायचा. मिर्झापूर, जबलपूर, नागपूर हीच वाट पुढे इंग्रजांनी बांधून काढली. तिला 'ग्रेट डेक्कन रोड' म्हणत.

१८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस बंद झाल्याने विलायतेच्या गिरण्यांना आपल्याकडच्या कापसाची गरज लागली आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव तिकडे पोचले. १८६२ साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला आली आणि पुढे वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फाटा गेला. मग कापूस रेल्वेवर गेला व लांबचे रस्ते मागे पडले.

रस्त्यांना पुन्हा दिवस आले ते मोटारीमुळे. १९२७ साली बॅ. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ पासून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला.

नागपूर योजनेतील पाच पायऱ्या

डिसेंबर १९४३ मध्ये देशभरच्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले व त्यांनी रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली. देशभर ती 'नागपूर योजना' म्हणूनच ओळखली जाते. तिने रस्त्यांचे पाच वर्ग पाडले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे मोठे रस्ते, जिल्ह्याचे इतर रस्ते आणि ग्रामरस्ते. चांगल्या पिकाऊ मुलखातील कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर असू नये, असे ध्येय ठरले. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या यादीत आपला ७ नंबर नावानिशी आला.

सभासदांनी या पाच पायऱ्या पुन्हा एकदा मोजून पाहाव्यात. पाचवी पायरी गावाशी थांबते. गावापासून वावरापर्यंतची पांधण त्यात कोठेच नाही! अभियंत्यांनी गाव हे टोक धरले. शेतकऱ्याचे टोक मात्र वावरात असते. पांधण राहिली ती महसूल खात्याच्या गाव नकाशावर.

कापसाच्या काळात यावाचून फारसे अडले नाही. कापूस वेचून घरात भरता येतो, भाव पाहून, रस्ता वाळल्यावर बंडीने नेता येतो. उसाचे तसे नाही. कोयता लागला की ऊस वाळू लागतो, म्हणजे सभासदाचे वजन घटते. त्याच वेळी उसातील साखरेचे साध्या साखरेत रूपांतर होऊ लागते, ती दाणेदार साखर म्हणून हाती येत नाही, म्हणजे कारखान्याचा उतारा घटतो. म्हणून तोडणीपासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असे आम्ही वारंवार सांगतो. मग राजमार्ग चौपदरी असो की सहापदरी, पांधणीत ट्रॉली एक दिवस रुतली तर त्याचा उपयोग काय?

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाबद्दलही अनेक जण विचारतात. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या जिल्ह्यात सेलू, वर्धा व आर्वी तालुक्यांतून जातो. ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला. परंतु त्यावर ट्रॅक्टरला मुभा नाही. ऊस वाहतुकीस तो नाही, हे ध्यानात असू द्यावे.

पांधण कशी राखावी

काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. राजमार्गाखाली याच मातीवर भराव, मुरूम, खडीचे थर घालून दोन्ही बाजूंनी पाणी काढून दिलेले असते. पांधणीला तेच सूत्र, फक्त लहान प्रमाणात.

१) पांधण मधोमध उंच व दोन्ही कडांना उतरती करावी. दोन्ही बाजूंस चर काढावेत.
२) पाट किंवा नाला आडवा जातो तेथे नळी टाकावी.
३) माती दाबून घेतल्यावरच मुरूम टाकावा. ओल्या चिखलावर टाकलेला मुरूम चिखलातच जातो.
४) हंगामात पाऊस नसतो, तरी पांधणीत चिखल असतो. तो आपल्याच ओलिताचा! बारे फुटून पाणी पांधणीत जाणार नाही याची प्रत्येकाने काळजी घ्यावी. तोड येण्याच्या सुमारास तर अधिकच.

पांधण अडवली असेल तर

पहिला उपाय गावात बसून समजुतीने मिटवणे. तसे न जमल्यास कायद्याची वाट आहे, पण दोन गोष्टींची गल्लत करू नये. पूर्वापार वहिवाटीचा रस्ता कोणी नांगरला किंवा कुंपण घालून अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. ही मागणी अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत करावी लागते. पुष्कळ सभासद हंगाम तोंडावर आल्यावर आमच्याकडे येतात, तोवर मुदत टळलेली असते. वावराला रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली शेजाऱ्यांच्या धुऱ्यावरून वाट मागता येते. दोन्हीसाठी प्रथम गाव नकाशाची नक्कल काढून घ्यावी. शेतरस्त्यांसाठी २०२१ साली राज्य शासनाने मातोश्री ग्राम समृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना मंजूर केली होती. आज कोणत्या योजनेतून काम घेता येईल, हे ग्रामपंचायतीत विचारावे.

राजमार्गावर चालताना

या रस्त्यावर मालट्रक व मोटारी वेगाने येतात आणि रात्री उसाची ट्रॉली मागून दिसत नाही. ट्रॉलीच्या मागे लाल चकाकणारी पट्टी व चालू दिवा असल्याखेरीज राजमार्गावर जाऊ नये. बाहेर लोंबणारा ऊस बांधून घ्यावा. बिघाड झाल्यास ट्रॉली डांबरीवरून खाली घ्यावी, मागे खूण ठेवावी. वळसा वाचवण्यासाठी उलट्या बाजूने तर कधीच जाऊ नये. मैलभराचा फेरा पडला तर डिझेल जाईल, माणूस राहील.

तरी सर्व सभासदांनी आपापल्या पांधणीची अडचण तोडीच्या आधीच, शक्यतो दिवाळीपूर्वी, गट कार्यालयात लेखी नोंदवावी. एका पांधणीवरील सर्व ऊसवाल्यांनी मिळून नोंद केल्यास उत्तम. राजमार्गाची निगा सरकार पाहील. पांधणीची निगा आपल्यालाच, शेजाऱ्याला सोबत घेऊन, पाहावी लागेल.

ऊस विकास विभाग